जिंगलवर जगलेलं जाझ

मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकाच्या पोटावर पाय येणं नवं नाही. आधी सिंथेसायझर आला. मग 1992च्या 'रोजा'नंतर संगणकावर गाणं बांधायची रीत रुळली आणि जिथे व्हायोलिनांचा ताफा एकत्र बसून टेक द्यायचा, तिथे एक प्रोग्रॅमर आणि दोन-चार सोलो वादक उरले. मोठ्या वाद्यवृंदाचं काम परदेशी जाऊ लागलं. 'सैराट'ची सिम्फनी लॉस एंजलिसला सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा आपली कॉलर ताठ झाली. दादर-वांद्र्यातल्या व्हायोलिनवाल्याला काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही.

आता पाळी तळातल्या कामाची आहे. जिंगल, कॉर्पोरेट फिल्म, मालिकेचं पार्श्वसंगीत, मोठा गायक येण्याआधी कुणीतरी गाऊन ठेवायचा स्क्रॅच. संगीतकार फोनवर चाल गुणगुणतो. सुनोसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली तिला ब्रास, स्ट्रिंग्ज, कोरस चढवून चहा यायच्या आत परत देते. जाहिरातवाला दोनदा ऐकतो आणि म्हणतो, "डेमोच फायनल करा ना." इथे वादकाला कुणी काढून टाकत नाही. त्याला फोनच जात नाही.

यावर हल्ली एक सांत्वन तयार असतं: रटाळ काम यंत्राने नेलं, कलावंत मोकळा झाला. मला ते पटत नाही, आणि कारण सौंदर्यशास्त्राचं नसून हिशेबाचं आहे. या शहरात स्वतंत्र संगीताला आश्रय दिला तो याच रटाळ कामाने. लुई बँक्स हे जाझमधलं मोठं नाव, आणि जिंगलच्या धंद्यातलंही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस सिनेमासाठी व्हायोलिन वाजवत, अरेंजिंग करत. त्याच ओळखीपाळखीच्या बळावर त्यांनी 1958मध्ये सेंट झेविअर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा केला, रागांवर बेतलेल्या आपल्या रचना वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तो उद्योग फार काळ टिकला नाही. पुढे त्यांचं नाव घरोघरी गेलं ते शिष्य प्यारेलाल यांच्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळे, त्या रचनांमुळे नव्हे! पण त्या वाजल्या, कारण वादकांना एरवी सिनेमाची शिफ्ट होती. शिफ्टच गेली तर असा वाद्यवृंद कशाच्या जोरावर जमवायचा?

'यंत्राच्या वाजवण्यात आत्मा नसतो' हा युक्तिवादही लंगडा आहे. 2025च्या उन्हाळ्यात 'द व्हेल्वेट सनडाउन' नावाचा बँड स्पॉटिफायवर काही आठवड्यांत दहा लाखांवर मासिक श्रोत्यांपर्यंत पोचला. मग कळलं की ते संगीत यंत्राने केलेलं. ऐकणाऱ्यांना आत्म्याची उणीव जाणवली नव्हती. उणीव कुठे दिसते ते नेमकं सांगायला हवं. यंत्राकडे तोडी मागा. सूर बरोबर येतात, सारंगीचा पोतही येतो, पण कोमल गंधार माझ्या कानाला पियानोच्या पट्टीवर बसल्यासारखा लागतो. तोडीला हवा तितका उतरत नाही आणि रिषभाकडे झुकतही नाही. साथीचा तर प्रश्नच वेगळा. गायिकेने तान अर्ध्यात सोडली की पेटीवाला ती उचलायची की गप्प बसायचं, हे त्या क्षणी ठरवतो. मागाहून ऐकून ते ठरवता येत नाही.

म्हणून वादकांच्या 'स्वातंत्र्या'च्या ज्या वाटा सध्या दिसतात, त्या सगळ्या सारख्या मानायला मी तयार नाही. पुण्याच्या 'पंचममॅजिक'सारख्या संस्थांनी पडद्यामागचे वादक मंचावर आणले, त्यांना नाव दिलं. हे मोठंच काम. पण मंचावर वाजतं ते पंचमचंच, म्हणजे आर. डी. बर्मन यांचंच गाणं, जसंच्या तसं. ती कृतज्ञता आहे, नवनिर्मिती नव्हे. स्वतःचा अल्बम ऑनलाइन टाकणं सोपं झालंय, पण तिथे शेजारी यंत्राच्या गाण्यांचा पूर आहे. त्यापेक्षा कर्सी लॉर्ड यांचा मार्ग मला धारदार वाटतो: अकॉर्डियन आणि तालवाद्यं वाजवणाऱ्या या माणसाने सिंथेसायझरला शिव्या देण्याऐवजी तो मुंबईत आणला आणि स्वतःच्या बोटांनी वाजवला. अमेरिकन संगीतकार हॉली हर्नडनने 2021मध्ये तेच केलं. स्वतःच्या आवाजाची यंत्रप्रत स्वतःच काढली, आणि तिच्या वापराचे नियमही स्वतःच आखले.

हक्काचा मुद्दा इथेच येतो. 2024मध्ये अरिजित सिंग यांना आणि 2025मध्ये आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयाने आवाजाच्या नकलेविरुद्ध संरक्षण दिलं. ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम'साठी बांबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा घडवले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला. हे सगळे गायक, म्हणजे नाव असलेली माणसं. कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वधनासाठी 2013मध्ये संस्था उभी राहिली तीही आधी गायकांचीच. ज्याच्या बासरीचा तुकडा शंभर गाण्यांत आहे आणि नाव एकाही कव्हरवर नाही, त्याची फुंक कुणी उचलली हे तो सिद्ध कशाने करणार? शिफ्टच्या पावतीवर रक्कम असते, तारीख असते. 'या वादनाचा वापर यंत्राच्या प्रशिक्षणासाठी करायचा की नाही' असा रकाना माझ्या पाहण्यात तरी आलेला नाही. वादकांच्या संघटनांनी सत्कार समारंभ थोडे पुढे ढकलून आधी तो रकाना छापून घ्यावा.