भाषेची जोखीम : 'पोषण ट्रॅकर'ची एक चिकित्सा

मोठ्या शासकीय तंत्रप्रकल्पांचे मूल्यमापन बहुधा खर्च आणि कालावधी या दोन मापांनी केले जाते. फ्लिव्हबियर्ग व बुडझियर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,४७१ संगणकीय प्रकल्प तपासले होते. त्यांपैकी दर सहांतील एका प्रकल्पाचा खर्च अंदाजाहून सरासरी २०० टक्क्यांनी वाढलेला आढळला. हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु नोंद करणाऱ्याची भाषा आणि नोंद मागणाऱ्या यंत्राची भाषा यांतील अंतर ही जोखीम या दोन्ही मापांतून निसटते.

केंद्र शासनाचे 'पोषण ट्रॅकर' १ मार्च २०२१ रोजी सुरू झाले. महाराष्ट्रातील अंगणवाडीसेविकांच्या हाती ते आरंभी इंग्रजीत पडले. ऑगस्ट २०२१ मध्ये अनेक सेविकांनी शासनाचे मोबाईल परत केले. निकृष्ट यंत्राइतकीच परकी भाषा हीही त्यांची तक्रार होती. तिला तंत्रज्ञानविरोध समजणे अन्यायाचे होईल.

या तक्रारीचे गांभीर्य पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांत विशेष स्पष्ट होते. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांच्या घरातील बोली, सेविकेची लेखी मराठी आणि यंत्राची इंग्रजी अशा तीन पायऱ्या येथे ओलांडाव्या लागतात. १९९२-९३ च्या बालमृत्यूंमुळे राज्यभर परिचित झालेले वावर-वांगणी हे नाव रोमन लिपीत कोठे 'व्ही'ने, तर कोठे 'डब्ल्यू'ने लिहिले जाते. म्हणजे एकाच गावाची यंत्रापुढे दोन नावे होतात. उलट 'काळू' व 'कालू' ही देवनागरीतील दोन नावे रोमन लिपीत एकच होतात.

शब्दार्थाचा प्रश्न याहून नाजूक आहे. उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे लुकडेपणा आणि वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुजेपणा. तीव्र लुकडेपणात तातडीचे उपचार लागतात, तर खुजेपणा दीर्घकालीन अपपोषणाचा निदर्शक असतो. वजन-उंचीवरून निष्कर्ष यंत्र काढते हे खरे. तथापि तो वाचून आईला समजावण्याचे काम सेविकेचेच असते. तिलाच तो उमगला नाही, तर अचूक गणितही निरुपयोगी ठरते.

पुढे या उपयोजनात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय झाली, हे नमूद केले पाहिजे. आक्षेप आहे तो क्रमाविषयी. भाषा ही मागाहून भरावयाची उणीव मानली गेली आणि मधल्या काळातील जोखीम अल्प मानधनावरील सेविकेने वाहिली. जोखीम-व्यवस्थापनाचा खरा अर्थ, ती कोणाच्या माथी पडते हे आधी ठरविणे असा आहे. यासाठी तीन गोष्टी आवश्यक होत्या : पडद्यावरील परिभाषा सेविकांकडून आधी तपासून घेणे, पहिला प्रयोग मोखाड्यासारख्या दुर्गम तालुक्यात करणे, आणि दोन्हींचे आकडे जुळेपर्यंत कागदी नोंदवही चालू ठेवणे.

जुलै २०२५ पासून घरपोच आहाराच्या वाटपास चेहरा ओळखण्याची अट जोडली गेली. त्यामुळे या चिकित्सेस अधिक निकड आली आहे. पूर्वी चुकीच्या नोंदीने अहवाल बिघडत असे. आता न जुळलेल्या नोंदीमुळे प्रत्यक्ष आहारच अडू शकतो. अशा प्रकल्पाच्या जोखीमपत्रकात भाषेचा रकाना पहिल्या दिवसापासून असावयास हवा.