औरंगाबादचं रेल्वे हॉटेल: झुंबरांच्या पलीकडे

जुन्या हॉटेलांवर लिहिताना आपण कमानी, झुंबरं आणि बडे पाहुणे यांच्यातच रमतो. निजाम स्टेट रेल्वेच्या औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) हॉटेलचंही तेच झालंय. ते तिथेच का चाललं, हे फारसं कुणी विचारत नाही.

मुंबईचा प्रवासी मनमाडला ब्रॉडगेज सोडून मीटरगेजच्या गाडीत बसायचा. औरंगाबादहून वेरूळ तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभराच्या आसपास. दोन्ही लेणी एका दिवसात कशी उरकणार? मुक्काम आलाच, आणि पुढे मोटारही. १९३० साली ही रेल्वे निजाम सरकारच्या ताब्यात आली आणि १९३२ मध्ये तिनेच २७ गाड्या आणि १६६ माणसं घेऊन बससेवा काढली. रूळ, खोली, बस, सगळं एकाच मालकाचं! लेण्यांची जाहिरातही तीच रेल्वे करायची. हॉटेलचा थाट या धंद्याचा एक भाग, बस्स.

आपल्या कुकटपल्ली डेपोतून सुटणाऱ्या आरटीसी बसचं मूळही त्याच १९३२ च्या सेवेत आहे. पण वारशाच्या याद्यांत हॉटेल एका पानावर, बस कुठेच नाही. निदान आपल्या नोंदीत तरी पाहुण्यांच्या आधी वेळापत्रक यावं, आणि सापडली तर खानसाम्यांची, ड्रायव्हरांची नावंसुद्धा.