प्रेक्षकांचा कौल : ‘द डिसायपल’च्या निमित्ताने

सोमवारची पालखी देवळात परतली, आरती झाली, प्रसाद हातावर पडला, तरी आमच्याकडील मंडळी लगेच घरी जात नाहीत. अग्रशाळेच्या ओट्यावर अर्धा-पाऊण तास बसणे होतेच. पूर्वी या बैठकीत नाटकांची चर्चा चाले. जत्रेच्या नाटकात कोणाची भूमिका वठली, कोणाचे पद बेसूर झाले, यावर हिरिरीने वाद होत. आता नेटफ्लिक्स, ॲमेझॉन प्राइम इत्यादींवरील मालिका आणि चित्रपट हा विषय असतो. जागा तीच, माणसे बहुतेक तीच, आवेशही तोच. फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नव्हे : पूर्वी बोलणाऱ्या सर्वांनी एकच नाटक, एकाच रात्री, एकाच मंडपात बसून पाहिलेले असे. आता प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या सोयीने, कोणी अर्धे तर कोणी पाव, असे काहीतरी पाहिलेले असते. मत मात्र पुरे असते.

अशाच एका बैठकीत ‘द डिसायपल’चा विषय निघाला. नाव इंग्रजी असले तरी हा चित्रपट मराठी आहे आणि त्याचा विषय आमच्या या परिसराला परका नाही. चैतन्य ताम्हाणे यांनी तो दिग्दर्शित केला. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात तो मुख्य स्पर्धेत दाखविला गेला. मीरा नायर यांच्या २००१ सालच्या ‘मॉन्सून वेडिंग’नंतर हा मान मिळविणारा तो पहिलाच भारतीय चित्रपट. तेथे त्यास पटकथेचे पारितोषिक मिळाले, शिवाय आंतरराष्ट्रीय समीक्षकांचेही. पुढे ३० एप्रिल २०२१ रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. महामारीची दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती, आणि चित्रपटगृहाऐवजी घरातल्या दिवाणखान्यातच बहुतेकांनी तो पाहिला.

कथा थोडक्यात सांगता येते. शरद नेरूळकर हा मुंबईचा तरुण ख्यालगायन शिकतो. गुरूंची सेवा करतो, पाय चेपतो, रात्री मोटारसायकलवरून जाताना माईंच्या जुन्या व्याख्यानांच्या फिती कानांत ऐकतो. या माई म्हणजे गुरूंच्याही गुरू. त्या पडद्यावर दिसत नाहीत, केवळ त्यांचा आवाज ऐकू येतो. शरद कष्ट करतो, वर्षे लोटतात, केस विरळ होतात, आणि हळूहळू त्यास कळून चुकते की आपण चांगले गायक आहोत. पण थोर नाही आणि होणारही नाही.

आमच्या ओट्यावर यावर जे अभिप्राय निघाले त्यांत तीन प्रमुख होते. पहिला, चित्रपट फार संथ आहे. दुसरा, त्यात गुरुपरंपरेचा अवमान आहे. तिसरा अभिप्राय बोलून दाखविला गेला नाही, त्याविषयी शेवटी.

संथपणाचा आक्षेप आम्ही प्रथम हसण्यावारी नेला. जी मंडळी विलंबित ख्याल तासभर ऐकतात, मारव्यातल्या एका रिषभासाठी माना डोलावतात, त्यांनी सुमारे दोन तासांच्या चित्रपटास संथ म्हणावे याची गंमत वाटली. पण चौकशी करता असे कळले की आक्षेप घेणाऱ्यांपैकी दोघांनी तो दीडपट वेगाने पाहिला होता! ही सोय नेटफ्लिक्सने २०२० च्या ऑगस्टपासून देण्यास आरंभ केला. पाऊणपट, सव्वापट, दीडपट, हवा तो वेग घ्यावा. बातम्यांस किंवा पाककृतीस हे चालेल. परंतु ज्या कृतीचा विषयच लय हा आहे ती दीडपट वेगाने पाहिली म्हणजे काय पाहिले? यंत्र स्वराची उंची सांभाळते. लय ते सांभाळू शकत नाही, कारण बदलावयाची आज्ञा नेमकी लयीलाच दिलेली असते. मोटारसायकलवरील दृश्ये ताम्हाण्यांनी मुद्दाम मंदगतीने घेतली आहेत. रिकामा रस्ता, दिव्यांच्या रांगा, मागे तंबोऱ्याची आस आणि माईंचा तो निर्विकार, कठोर आवाज. ती धावत्या गतीने पाहणाऱ्यास तेथे केवळ एक मोटारसायकल दिसणार, आणि ती हळू का जाते असा प्रश्न पडणार.

आणि तरीही सर्व दोष आजच्या यंत्रावर ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. केरीच्या केसरबाईंचे गाणे १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानाबरोबर अंतराळात गेले याचा आम्हां गोमंतकीयांस रास्त अभिमान आहे. ‘जात कहाँ हो’ ही ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. साडेतीन मिनिटांची का? तर जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. रागाचा आटोप यंत्राच्या मापाने करण्याची सुरुवात आजची नव्हे. आमच्या आजोबांच्या पिढीनेही तबकड्या ऐकूनच गायकांविषयी मते बनविली. त्यांत आणि आताच्यात भेद असलाच तर तो हा, की साडेतीन मिनिटांत काय मावते हे गायिकेने स्वतः ठरविले होते. दीडपट वेग ठरविताना चित्रपटकर्त्यास कोणी विचारीत नाही.

मत नोंदविण्याची पद्धतही पाहावी. नेटफ्लिक्सवर पूर्वी एकापासून पाचपर्यंत तारे देता येत. २०१७ च्या एप्रिलात ते काढून टाकले आणि अंगठा आणला : वर किंवा खाली. २०२२ मध्ये दोन अंगठ्यांची भर पडली, फारच आवडले असेल तर. हे वाचून आमच्या एका स्नेह्यास देवाच्या कौलाची आठवण झाली : उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. साम्य वरवर खरे आहे. परंतु कौल लावण्यापूर्वी गाऱ्हाणे घालावे लागते. कोण विचारतो, काय विचारतो, कशासाठी विचारतो, हे चारचौघांत मोठ्याने सांगितले जाते, आणि मगच पाकळीला अर्थ येतो. अंगठ्यामागे गाऱ्हाणे नसते. खाली वळलेल्या अंगठ्याने चित्रपटाचा शेवट नाकारला, की अभिनय, की त्या रात्री त्याच्या मालकाला झोप अनावर झाली होती, हे कोण सांगणार?

मोजदादीची तर आणखी तऱ्हा. कोणी चित्रपटाचे किंवा भागाचे सत्तर टक्के पाहिले तर त्याने तो पाहिला, असा या कंपनीचा पूर्वीचा हिशेब होता. २०२० च्या आरंभी तो बदलला आणि दोन मिनिटे पाहिली तरी पाहणाऱ्यांत गणना होऊ लागली. पुढे पाहण्याचे एकूण तास मोजू लागले. २०२३ पासून त्या तासांस कृतीच्या लांबीने भागून जो आकडा येतो त्यास ‘व्ह्यूज’ म्हणू लागले. म्हणजे दहा माणसांनी दशांश दशांश पाहिले तर एकाने संपूर्ण पाहिल्यासारखे झाले! व्यापाराच्या दृष्टीने हे ठीक असेल. पण या आकड्यांवरून ‘लोकांना काय आवडते’ असे विधान कोणी करू लागला तर तो आपलीच फसवणूक करतो, आणि ओट्यावर असे विधान दर सोमवारी होते.

आता दुसरा आक्षेप. आमच्या देवस्थानच्या महाजनांतील एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांच्या संगीतप्रेमाविषयी शंका घेणे पाप ठरेल, ते तळमळून म्हणाले, “हें कितें? गुरूचेर असलें उलोवप आनी शेवटाक गावपच सोडप! हें मुलांक दाखोवपाचें?” त्यांचा रोख ज्या प्रसंगावर होता तो चित्रपटातील सर्वांत धारदार प्रसंग होय. जुन्या ध्वनिमुद्रिकांचा एक संग्राहक आणि जाणकार शरदला भेटतो आणि ज्यांना तो देवत्वाच्या जागी मानतो त्या माईंविषयी व गुरुजींविषयी नको त्या गोष्टी सहज, चवीने सांगत सुटतो. शरद त्याच्या तोंडावर पेल्यातले पाणी फेकून निघून जातो.

आम्हांस येथे त्या वृद्ध गृहस्थांशी मतभेद नोंदविणे भाग आहे, आणि तो नोंदविताना संकोचही वाटतो. तो संग्राहक खरे बोलतो असे चित्रपट कोठेही म्हणत नाही. खोटे बोलतो असेही म्हणत नाही. शरदच्या श्रद्धेला तडा जातो, एवढेच तो दाखवितो. यात अवमान असेल तर तो कोणाचा? आमच्याच देवळांचा इतिहास काढावा. केसरबाई, मोगूबाई या ज्या कलावंत घराण्यांतून आल्या, त्या घराण्यांतील स्त्रिया पिढ्यान् पिढ्या सभामंडपांत गाइल्या. त्यांचे गाणे समाजाने आनंदाने ऐकले आणि त्यांस घरात मानाचा पाट मात्र दिला नाही. ते संग्राहकाच्या तोंडी शोभेल असे बोलणे आमच्या वाडवडिलांच्या ओट्यांवर होत नव्हते काय? मोगूबाईंस पद्मभूषण मिळाले, केसरबाईंस ‘सुरश्री’ म्हणून गौरविले गेले, त्यांच्या नावे समारोह झाले, तेव्हा आम्ही त्यांच्याभोवती प्रभावळ उभारली. प्रभावळ योग्यच आहे. पण ती उशिरा आली हे विसरून चित्रपटावर श्रद्धाभंगाचा ठपका ठेवणे आम्हांस तरी जमत नाही.

शिवाय हा चित्रपट बाहेरच्यांनी केलेली टवाळी नव्हे. गुरुजींच्या भूमिकेत पंडित अरुण द्रविड आहेत. ते किशोरी आमोणकरांचे शिष्य, म्हणजे मोगूबाईंच्याच परंपरेतले. शरद झालेले आदित्य मोडक स्वतः गायक आहेत. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट घरोघरी पोचण्यास अवघे काही दिवस उरले असता, १९ एप्रिल २०२१ रोजी, त्या निवर्तल्या. गाण्याची जाण असलेल्या या लोकांनी गाण्यातल्या अपयशाविषयी बोलण्याचे ठरविले, त्यास धैर्य लागते.

चित्रपटात दोष नाहीत असे नव्हे. दूरचित्रवाणीवरील गानस्पर्धेतल्या मुलीचे उपकथानक आम्हांस सोपे वाटले. भडक पोशाख, झगमगाट, परीक्षकांचे उसासे : यांवर ताशेरे ओढण्यास ताम्हाण्यांची गरज नव्हती, ते कोणीही करतो. स्त्रियांच्या वाट्याला येथे फारसे काही येत नाही. माईंचा केवळ आवाज, आणि शरदची पत्नी तर जवळजवळ न बोलताच चित्रपटात येते आणि राहते. असे आक्षेप घेणारा अभिप्राय ओट्यावर आला असता तर आनंद झाला असता. आला नाही, कारण त्यासाठी शेवटपर्यंत पाहावे लागते.

आता तिसरे. आमचा भाचा तेरा वर्षे गाणे शिकला. प्रथम फोंड्यात, मग आठवड्यास एकदा बेळगावची बस धरून. स्पर्धांत बसला, दोनदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. आता मडगावास बँकेत नोकरीस आहे, सप्ताहाच्या भजनात आमच्याबरोबर झांज धरतो, स्वतः होऊन गात नाही. ‘द डिसायपल’ आम्ही पाहिला तो त्याच्याच घरी. आरंभी एका स्पर्धेचा निकाल जाहीर होतो, शरदचे नाव येत नाही आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. तेथे भाच्याने रिमोट उचलला आणि चित्र थांबविले. “मामा, फाल्यां पळोवया,” असे म्हणून तो आत गेला. उद्या काही झाले नाही. आठ दिवस झाले नाही.

नवव्या दिवशी त्याने आपण होऊन बोलाविले आणि राहिलेला भाग पाहिला. शरद आपल्या गायनाच्या चित्रफितीखाली परक्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचतो, तेथे तो हलला नाही. शेवटी आगगाडीच्या डब्यात शरद बायको-मुलीसह बसला आहे आणि एक फिरता गायक गात गात येतो, तोवर सर्व पाहिले.

तुकड्यातुकड्यांनी पाहण्याविरुद्ध वर जे लिहिले त्यास या प्रसंगाने बाध येतो, हे आम्हांस दिसते. जत्रेच्या नाटकात किंवा चित्रपटगृहात त्यास एक तर दात-ओठ खाऊन बसावे लागले असते, नाही तर सर्वांच्या देखत उठावे लागले असते. येथे त्याला थांबता आले, आणि म्हणून परतही येता आले. मधल्या आठ दिवसांत कंपनीच्या वहीत तो ‘अर्धवट सोडणारा’ म्हणून नोंदला गेला असेल. दीडपट वेगाने संपविणारे दोघे मात्र संपूर्ण पाहणाऱ्यांत.

कसा वाटला, असे आम्ही विचारले नाही. त्यानेच दिवा लावताना म्हटले, “मामा, तो निमाणो गावपी बरो गायता.” पुढच्या सोमवारी ओट्यावर पुन्हा विषय निघाला, मंडळींनी त्यास मत विचारले, तर म्हणाला की अजून एकदा पाहतो. त्या वृद्ध गृहस्थांनी, आपणही बरोबर बसू, पण माझ्यासाठी आवाज मोठा ठेव, असे त्यास सांगितले आहे. येत्या एकादशीस बसावयाचे ठरले आहे, साध्या वेगाने.