तीनशे चौसष्ट भेटी

‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ या कॅरोलचा हिशोब एकदा मांडून बघाच. बारा दिवस, रोज एक नवी भेट, शिवाय आदल्या दिवसांच्या सगळ्या भेटी पुन्हा. एकूण भरतात 364, त्यांत 184 नुसते पक्षी. प्रियकर आहे की पोल्ट्रीवाला! भोंडल्यात लिंबं झेलत आकडा चढवत नेतात, त्याच जातीचं हे गाणं. 1780च्या सुमारास ते लंडनमध्ये ‘मर्थ विदाउट मिस्चिफ’ या मुलांच्या पुस्तकात छापलं गेलं. आजची चाल फ्रेडरिक ऑस्टिनने 1909 साली बसवली.

चित्रकाराची पंचाईत अशी, की गाण्यात गोष्टच नाही. देणारा कोण, घेणारीला घर कसं पुरलं, काही कळत नाही. नुसती यादी वाढत जाते.

चित्रकार जॅन ब्रेटने या गाण्याच्या 1986च्या पुस्तकात यावर नामी युक्ती काढली. भेटी पानाच्या मधोमध, भरगच्च, भरतकाम केल्यासारख्या. आणि कडेच्या चौकटींत, गाण्यात अवाक्षर नसलेलं काहीतरी चाललेलं: एक तरुण जोडपं, नाताळची तयारी, घरची माणसं. प्रेम तिने समासात ठेवलं. डोळा आधी हंसांवर जातो, मग कडेला सरकतो आणि तिथेच रेंगाळतो. रॉबर्ट सबुडाच्या 1996च्या पॉप-अप पुस्तकात पांढऱ्या कागदाची शिल्पं उभी राहतात. कारागिरी थक्क करणारी, पण पान उलटलं की आधीची भेट मिटून सपाट होते. गाणं साठवत जातं, पुस्तक विसरत जातं. मला ब्रेट जास्त पटते.

एक गंमत दोघांच्याही कितीतरी आधीची. चौथ्या दिवसाचे पक्षी जुन्या पाठात कोळशासारखे काळे होते. ऑस्टिनने ते ‘साद घालणारे’ केले आणि चित्रकारांना हवा तो रंग भरायची मुभा मिळाली. चित्राचं नुकसानच झालं म्हणायचं. इतक्या सोन्या-पांढऱ्यात चार काळे ठिपके हवेच होते.

हेच गाणं पाचगणीत बसून कुणी का काढू नये? इंग्रजांनी वसवलेल्या, मिशनरी शाळांच्या या गावाला कॅरोल परकी नाही. डिसेंबरात टेबललँडवरचं गवत वाळलेलं असतं, बंगल्यांच्या कुंपणांवर पॉइन्सेटिया लाल होतो, शेतांत स्ट्रॉबेरी धरते. आणि मुख्य म्हणजे तित्तर, गाण्यात नासपतीच्या झाडावर बसलेली पहिल्या दिवसाची भेट! इंग्लंडचा करडा तित्तर जमिनीवरचा पक्षी. त्याला नासपतीच्या शेंड्यावर बसवणं ही कवीची लहर. आपला राखी तित्तर मात्र रात्री खरोखरच काटेरी, बुटक्या झाडांवर झोपतो. घाट उतरून वाईकडच्या माळावर आलं, की बोरी-बाभळीवर बसलेला तित्तर ही अतिशयोक्ती उरत नाही.

असं धाडस करणारा चित्रकार आपल्याकडे होऊन गेला आहे. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले, साडी नेसलेली मरिया रंगवली म्हणून गोव्यात टीका झेलली आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले. बेथलेहेमची मरिया ज्याला आपल्या अंगणात आणता आली, त्याला एक तित्तर काय जड होता! आठव्या दिवसाच्या भेटीपाशी, धारा काढणाऱ्या आठ गवळणींपाशी, मात्र त्यांनाही थांबावं लागलं असतं. वाईच्या बाजूच्या गवळणी धारा काढतील, पण कुणाची भेट म्हणून दावणीला उभ्या राहायच्या नाहीत.