'लस-संकोच' आणि गरोदर स्त्री : एका संकल्पनेचे परीक्षण

लसीकरणाच्या सामाजिक अभ्यासात गेल्या दशकभरात जी संज्ञा सर्वत्र रूढ झाली, ती 'लस-संकोच' होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ कार्यगटाने २०१४ च्या अहवालात तिची व्याख्या केली. लसीकरणाची सेवा उपलब्ध असूनही लस स्वीकारण्यास झालेला विलंब अथवा दिलेला नकार, असा तिचा आशय होता. विश्वासाचा अभाव, रोगाविषयीची बेफिकिरी आणि गैरसोय ही त्यामागील तीन कारणे म्हणून सांगण्यात आली. २०२२ मध्ये त्याच संघटनेने व्याख्या बदलली. आता संकोच म्हणजे कृती नव्हे, तर लस घेण्याविषयीची द्विधा अथवा विरोधी मनोवृत्ती. हा बदल वरवर किरकोळ वाटला तरी तो तसा नाही. पहिल्या व्याख्येत संकोच वर्तनात होता; दुसरीत तो मनात गेला. वर्तन आणि मनोवृत्ती यांची गल्लत त्यामुळे दूर झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु गरोदर स्त्रीला व बाळंतिणीला लावून पाहिल्या असता दोन्ही व्याख्यांत एकच उणीव आढळते. संकोच हा नेहमी लस घेणाऱ्याचा असतो, देणाऱ्याचा कधीच नसतो, हे त्यांत गृहीत धरलेले आहे.

हे गृहीत किती टिकते, याची कसोटी २०२१ या वर्षाने घेतली. भारतात कोविडची लस देण्यास १६ जानेवारी २०२१ रोजी प्रारंभ झाला, तो गरोदर व स्तनदा स्त्रियांना वगळून. कारण उघड होते. लसींच्या मूळ चाचण्यांतच गरोदर स्त्रियांचा समावेश नव्हता. तेव्हा त्यांच्याविषयी पुरावा नव्हता, आणि पुरावा नाही म्हणून परवानगीही नव्हती. थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर औषधविज्ञानाने गर्भाच्या रक्षणासाठी जी सावधगिरी पत्करली, तिचेच हे अपत्य. स्तनदा मातांना १९ मे रोजी, तर गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी अनुमती मिळाली. दरम्यान दुसरी लाट येऊन गेली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या तुलनेनुसार, गरोदर व नुकत्याच प्रसूत झालेल्या रुग्ण स्त्रियांतील मृत्यूंचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्क्यांवर गेले. ही केवळ भारताचीच कथा नव्हे. ब्रिटनमध्येही डिसेंबर २०२० मध्ये गरोदर स्त्रियांना लस घेऊ नये असे सांगण्यात आले, आणि १६ एप्रिल २०२१ रोजी तेथील सल्लागार समितीने ती द्यावी अशी शिफारस केली.

जी सावधगिरी संस्थेने बाळगली तिला 'शास्त्रीय दक्षता' हे नाव मिळाले. तीच सावधगिरी जुलैनंतर स्त्रीने बाळगली तेव्हा तिला 'संकोच' म्हटले गेले. सहा महिने जे घेऊ नको म्हणून बजावले, ते सातव्या महिन्यात घे म्हटल्यावर जी थबकली, तिच्यात विश्वासाचा अभाव होता असे म्हणण्यापेक्षा तिने पहिल्या सांगण्यावर अंमळ अधिक विश्वास ठेवला होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. लस घ्यावी हा जुलैचा सल्ला योग्यच होता, यात शंका नाही. प्रश्न सल्ल्याचा नसून, तो न मानणाऱ्या स्त्रीचे वर्णन कोणत्या शब्दांत करावयाचे, याचा आहे.

स्वीकाराच्या बाजूने पाहिले असता संकल्पनेचे अपुरेपण अधिकच स्पष्ट होते. धनुर्वाताची लस गरोदरपणी घेणे ही आपल्याकडे आता इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, की तीविषयी कोणी चर्चाही करीत नाही. नाव नोंदवताना एक इंजेक्शन आणि चार आठवड्यांनी दुसरे. मातेच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून गर्भापर्यंत पोचतात, आणि नाळ अस्वच्छ साधनाने कापली गेली तरी अर्भकाला संरक्षण मिळते. २०१५ मध्ये माता व नवजात अर्भकांतील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शेवटच्या प्रसूतीसमयी असे संरक्षण लाभलेल्या मातांचे प्रमाण ९२ टक्के भरले. हे यश मोठेच आहे. मात्र या ९२ टक्क्यांना 'स्वीकार' म्हणताना थोडे थांबावे लागते. बहुतेक ठिकाणी स्त्रीला कोणी विचारलेले नसते. नर्सबाई हात पुढे करावयास सांगतात आणि ती करते. ही संमती सवयीची आहे. मराठीत 'संकोच' हा शब्द प्रथमतः भिडेचा, वडीलधाऱ्यांपुढील अबोलपणाचा वाचक आहे. भाषांतरकारांनी हा अर्थ योजला नसावा. तरीही शंका असून ती न विचारणाऱ्या सुनेला तो नेमका लागू पडतो. या अर्थी पाहता संकोच लस नाकारण्यात नसून ती निमूटपणे घेण्यातच दडलेला असू शकतो.

अशी संमती एखाद्या अफवेने किती सहज ढासळते, हे केनियात दिसले. २०१४ साली तेथील कॅथलिक बिशपांनी धनुर्वाताच्या लसीत गर्भधारणेचे संप्रेरक मिसळून स्त्रियांना वांझ केले जात असल्याचा आरोप केला. आरोप खोटा होता. तथापि त्याला वेडगळ म्हणून बाजूस सारणे अभ्यासकाला शोभणार नाही. हेच संप्रेरक धनुर्वाताच्या विषाभाशी जोडून गर्भप्रतिबंधक लस करण्याचा प्रयोग खरोखर झाला होता, आणि तोही भारतात. गु. प्र. तलवार यांच्या गटाने १४८ स्त्रियांवरील त्या चाचणीचा वृत्तांत १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. तो प्रयोग वेगळा, ती लस वेगळी. केनियाच्या मोहिमेशी तिचा संबंध नव्हता. परंतु मोहीम केवळ १४ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठीच का, या प्रश्नाचे उत्तर प्रथमच दिले गेले असते, तर अफवेला इतकी जागा उरली नसती.

बाळंतिणीच्या बाबतीत 'विलंब' या शब्दाचीही छाननी आवश्यक आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही महाराष्ट्रातील रूढी अद्याप पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. जन्मतःच्या लसी रुग्णालयात उरकतात. दीड महिन्याचा डोस सव्वा महिना पाळून झाल्यावर येतो, तेव्हा तेथेही रूढी आडवी येत नाही. अडचण पुढे आहे. बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर माता सासरी परतली, तर अडीच महिन्यांचा डोस एका गावी आणि साडेतीन महिन्यांचा दुसऱ्या गावी येतो. दोन्ही गावांत सेवा 'उपलब्ध' असते, पण एका गावच्या आशाताईंच्या वहीत नाव असते आणि दुसऱ्या गावच्या वहीत ते अजून चढलेले नसते. या विलंबाचे मूळ मातेच्या मनात शोधणे म्हणजे दोन वह्यांमधील अंतराचा दोष तिच्या माथी मारणे होय. २०२२ ची व्याख्या या चुकीपासून वाचते, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

विचारपूर्वक शंका घेणाऱ्या आणि नाकारणाऱ्या स्त्रिया नाहीत असे मुळीच नाही, आणि त्यांच्यासाठी संकल्पना उपयुक्त राहील. मात्र मनोवृत्ती मोजणारी प्रश्नावली उत्तराबरोबर त्या वेळचा अधिकृत सल्लाही नोंदवीत नसेल, तर जून २०२१ मधील गरोदर स्त्रीचे 'नाही' आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील 'नाही' तिच्या रकान्यात एकाच खुणेने मांडले जाईल. पहिले शासनाच्या तत्कालीन सूचनेशी सुसंगत होते, दुसरे विसंगत. आणि दोन्ही 'नाही' एकाच स्त्रीचीही असू शकतील.