अपवादाचे शास्त्र : 'द लक्झरी स्ट्रॅटेजी' या पाठ्यग्रंथाची चिकित्सा

उच्च माध्यमिक वर्गाच्या अर्थशास्त्रात 'मागणीच्या नियमाचे अपवाद' असा एक छोटा भाग असतो. किंमत वाढली की मागणी घटते हा नियम. प्रतिष्ठेच्या वस्तूंना मात्र तो लागू पडत नाही, एवढे सांगून शिक्षक पुढे जातात. या दोन ओळींच्या अपवादावर आज एक संपूर्ण पदव्युत्तर शिक्षणक्रम उभा आहे. पॅरिसच्या एसेक या संस्थेने 1995 मध्ये चैनीच्या वस्तूंच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र एम.बी.ए. सुरू केला. आता 'फॅशन आणि लक्झरी व्यवस्थापन' या नावाची पदवी युरोपातील अनेक शहरांत मिळते, आणि भारतीय विद्यार्थीही त्यासाठी मोठे शुल्क भरून तेथे जातात. प्रस्तुत लेखात या क्षेत्रातील एका बहुचर्चित ग्रंथाचे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. एच.ई.सी. पॅरिस येथील प्राध्यापक झाँ-नोएल काफेरेर आणि लुई व्हिताँ या कंपनीचे नेतृत्व केलेले व्हिन्सेंट बास्तियाँ यांचा 'द लक्झरी स्ट्रॅटेजी' (2009) हा तो ग्रंथ होय.

या ग्रंथाचे आकर्षण त्याच्या उलट्या चालीत आहे. विपणनशास्त्र जे शिकवते त्याच्या विरुद्ध नियम लेखकद्वय मांडते. ग्राहकाच्या मागण्यांपुढे वाकू नये, वस्तू सहज हाती लागू देऊ नये, अन्य वस्तूंशी तुलना होऊ देऊ नये आणि किंमत सतत चढती ठेवावी, असे हे प्रतिनियम आहेत. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सहसा न आढळणारा स्पष्टवक्तेपणा येथे आहे, हे मान्य केले पाहिजे. फॅशन आणि चैन यांतील भेदही लेखकांनी नेमका पकडला आहे. फॅशन जुनी होण्यावर जगते. चैनीची वस्तू टिकण्यावर. पहिलीला हंगाम हवा, दुसरीला वंशावळ. या कसोटीवर पाहिले तर पदवीच्या नावातील 'आणि' हे अव्यय फारच मोठे ओझे वाहते. एकाच सत्रात एका तासाला माल हंगामाअखेर कसा संपवावा हे शिकायचे आणि पुढच्या तासाला तो कधीच स्वस्त का करू नये हे शिकायचे, असा हा प्रकार आहे.

ग्रंथाच्या मुळाशी एक समाजशास्त्रीय गृहीतक आहे. लोकशाहीने जन्मजात उच्चनीचता मोडली; माणसाला मात्र स्तर हवाच असतो आणि चैनीची वस्तू तो नव्याने निर्माण करते, असे लेखक मानतात. थॉर्स्टिन व्हेब्लेनने 1899 मध्ये दिखाऊ उपभोगाचे विश्लेषण केले ते उपरोधाने. हाताने घडवलेला चांदीचा चमचा यंत्रावरच्या चमच्याहून सुंदर वाटतो, त्यामागे त्याची महागाई कितपत असते, हा त्याचा बोचरा प्रश्न होता. ज्याची व्हेब्लेनने चिकित्सा केली, तेच येथे कार्यपद्धती बनले आहे. व्यंगचित्राचा उपयोग नकाशा म्हणून करावा तसे हे झाले. शिवाय जेथे पायात वहाण असणे वा नसणे हेसुद्धा जातीने ठरवले, त्या समाजातील वाचकाला 'स्तर' हा शब्द इतक्या निश्चिंतपणे उच्चारता येणार नाही.

तथापि माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. निर्मिती मूळ भूमीतून हलवू नये, कारागिराचा हात हाच मूल्याचा आधार, असे हा ग्रंथ आग्रहाने सांगतो. पण हा हात दंतकथेचा भाग म्हणून जितका येतो तितका मजुरी घेणाऱ्या माणसाचा म्हणून येत नाही. ही उणीव किरकोळ नाही, हे मिलानच्या न्यायालयीन कागदपत्रांनी दाखवले. जून 2024 मध्ये तेथील न्यायालयाने दिओरच्या उत्पादन करणाऱ्या एका इटालियन उपकंपनीवर, पुरवठादारांवर पुरेशी देखरेख न ठेवल्याबद्दल, न्यायालयीन प्रशासक नेमला. सुमारे 2,600 युरोंना विकल्या जाणाऱ्या पिशवीच्या जुळणीसाठी पुरवठादाराला 53 युरो दिले जात असल्याचे तपासात पुढे आले. चामड्यासारख्या कच्च्या मालाचा खर्च यात धरलेला नव्हता. कामगार कार्यशाळेतच झोपत आणि रात्री व सुट्टीच्या दिवशीही काम चाले, हे वीजवापराच्या नोंदींवरून उघड झाले. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये हे प्रशासन मुदतीपूर्वीच उठवण्यात आले. येथे निर्मिती युरोपाबाहेर गेलेली नव्हती, 'इटलीत निर्मित' ही अक्षरे खरीच होती. म्हणजे निर्मिती दूरच्या स्वस्त मजुरीच्या देशात न हलवताही हे घडले. अशा अभ्यासक्रमांत अलीकडे शाश्वतता, पुरवठा-साखळी असे विषय येऊ लागले आहेत. मूल्याचा सिद्धांत मात्र त्यांनी ढवळला गेल्याचे दिसत नाही.

हा सिद्धांत आपल्या दारापर्यंत पोहोचला तो जून 2025 मध्ये. प्राडाच्या मिलान येथील सादरीकरणात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि त्यांच्या उगमाचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना 2019 पासून या चपलेचे भौगोलिक मानांकन आहे. टीकेनंतर कंपनीने प्रेरणास्थान मान्य केले. डिसेंबर 2025 मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी सहकार्य करून 2,000 जोड तयार करण्याची योजना तिने जाहीर केली. एका जोडाची किंमत सुमारे 800 युरो. 'द लक्झरी स्ट्रॅटेजी'च्या निकषांवर हे उदाहरण चोख उतरते. मर्यादित संख्या, मूळ भूमीतील निर्मिती, वंशावळ आणि चढी किंमत, सारे येथे आहे. लवकरच ते एखाद्या वर्गात 'केस स्टडी' म्हणून शिकवले जाईल. त्या प्रश्नपत्रिकेत नाममुद्रेची प्रतिमा कशी सावरली, हा प्रश्न निश्चित असेल. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले चामडे कापून, वेणी गुंफून जोड शिवणाऱ्याला 800 युरोंपैकी किती मिळाले, हा प्रश्न त्याच पत्रिकेत, त्याच गुणांचा असावा.