सरकती पट्टी : निवड कोणाची?

घरच्या टीव्हीला छोटा संगणक जोडला, की चित्रपट, गाणी आणि छायाचित्रे एकाच पडद्यावर पाहता येतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींमध्ये 'कोडी' ही विनामूल्य आणि मुक्त स्रोत आज्ञावली प्रसिद्ध आहे. २००२ मध्ये एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी तिची सुरुवात झाली. २०१४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिच्या पहिल्या पडद्याच्या तळाशी बातम्यांची पट्टी सरकत ठेवता येते आणि त्या बातम्या कोठून याव्यात हेही आपल्याला ठरवता येते. ही सोय कितपत उपयोगाची आहे?

प्रथम तिचे गुण पाहू. पट्टीमागचे तंत्र 'आरएसएस' या नावाने ओळखले जाते. नेटस्केप कंपनीत डॅन लिबी आणि रामनाथन गुहा यांनी ते १९९९ मध्ये तयार केले. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी ठरावीक साच्यात मांडते. त्या साच्यात मथळा, दुवा, सारांश आणि तारीख यांसाठी वेगवेगळ्या जागा असतात. आपली आज्ञावली ठरलेल्या वेळाने ती यादी घेऊन येते. कोणाची यादी आणायची, हे वाचकाने ठरवायचे. वाचकाच्या सवयी मोजून बातम्यांचा क्रम लावणारा मध्यस्थ येथे नाही. आजच्या काळात हा गुण लहान नव्हे.

पण ही निवड सर्वांच्या हाती पोचते का? पट्टी सुरू करण्याचे बटण सेटिंग्जमध्ये सापडते. स्रोत मात्र 'आरएसएस-फीड्स' नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेले असतात. तेथे मुळात आज्ञावलीच्या निर्मात्यांचीच बातमीयादी असते आणि ती दर ३० मिनिटांनी ताजी होते. तिच्या जागी नासाच्या यादीचा पत्ता घालता येतो, वेळ वाढवता येते, अनेक याद्यांचे संच करता येतात. मात्र पत्त्यात '&' हे चिन्ह आले आणि ते एक्सएमएलच्या सांकेतिक रूपात लिहिले नाही, तर फाइल वाचली जात नाही. अशी आडवळणाची वाट पाहून बहुतेक लोक मूळ यादीच चालू ठेवणार. सोय आहे, पण ती कळली नाही, तर ती नसल्यासारखीच.

दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. मूळ यादीत सारांश आणि तारीख असूनही पट्टीवर सरकतात ते केवळ मथळे. मथळा निवडून पूर्ण बातमी उघडता येत नाही. समजा, 'मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा?' असे शब्द सरकत गेले. नमुना कोणता, मोजमाप कोणी केले, दुसरे स्पष्टीकरण शक्य आहे का, यांतले काहीच कळत नाही. प्रश्नचिन्ह विसरले जाते आणि 'खुणा सापडल्या' एवढेच मनात उरते. विज्ञानात शंकेला जे स्थान आहे, तेच येथे गळून पडते. स्रोत कितीही चांगला निवडला, तरी ही उणीव भरून निघत नाही.

म्हणून ही पट्टी निरुपयोगी ठरते असे नाही. शाळेत कोडी बसवलेला संगणक असेल, तर मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांना ती फाइल उघडून दाखवावी. स्रोत कोणते ठेवायचे आणि का, यावर त्यांना वाद घालू द्यावा. विज्ञानाच्या बातम्यांना अर्ध्या तासाची घाई नसते. १४४० मिनिटे, म्हणजे दिवसातून एकदा, पुरेसे आहे. मग रोज एका विद्यार्थ्याने पट्टीवरचा एक मथळा वहीत उतरवावा, मूळ बातमी शोधून पूर्ण वाचावी आणि मथळ्याने काय गाळले ते वर्गाला सांगावे.

बातमी कोठून यावी हे ठरवणे ही पहिली पायरी. ती वाचून तपासणे ही दुसरी. कोडीची पट्टी आपल्याला पहिल्या पायरीपर्यंत नेते. पुढे चालायला शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे.